भाऊ-भावजय शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघालेत, सोलापुरात बसून त्यांची खबर कशी ठेवायची?

कणीस | २ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. विषय आमच्या घरचा आहे, पण इथे जहाजावर नोकरी केलेले आणि कोकण किनाऱ्यावर राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय ५ तारखेला पहाटे मुंबईहून शिडाच्या बोटीने गोव्याला निघणार आहेत. बोट ३१ फुटी, जुनी विकत घेतलेली, आत छोटं डिझेल इंजिन. बोटीवर दोघंच. भाऊ ५७ वर्षांचा, भावजय ५४ ची. ती मुंबईतच वाढली, शीड हाकायला रीतसर शिकली, आणि बोटीवर सुकाणू जास्त वेळ तिच्याच हातात असतं असं भाऊ सांगतो. भाऊ मात्र इथला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला.

आई ८१ वर्षांची आहे, माझ्याकडे असते. तिने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला. परवा तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "ते आत्ता कुठं असतील, हे मला रोज सांगत जाशील का?" मी हो म्हटलंय. आता ते कसं सांगायचं हे मला शिकायचं आहे.

शाळेत मी २९ वर्षं भूगोल शिकवला. खारे वारे, मतलई वारे फळ्यावर बाण काढून शिकवले, आणि समोर बसलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसायचा. पण खरोखरीची बोट, त्यात आपली माणसं, आणि आपण ३०० किलोमीटर आत, हे माझ्यासाठी नवीन आहे. भावाने फोनवर एक ॲप टाकून दिलंय, त्यात जहाजं दिसतात. ते कितपत खरं धरायचं? फोन लागला नाही तर किती वेळ थांबायचं? कुणाला विचारायचं?

---

सातरस्ता | २ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, सोलापूरचं माणूस समुद्रात! वाचून लई बरं वाटलं. माहिती काही नाही मला, पण धागा वाचणार रोज. सोबत कडक भाकरी दिली का नाही?

---

कणीस | २ जानेवारी, रात्री १०:३२

दिली तर. ज्वारीच्या साठ, शेंगाची चटणी दोन किलो. आज रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने शेजारचा मुलगा घेऊन गेलाय. गेल्या वेळी भावाने सांगितलं होतं की खाऱ्या हवेत भाकरी दोन दिवसांत सादळते, म्हणून या वेळी चार-चार भाकऱ्यांची वेगळी पाकिटं करून तोंडं चिकटवून दिली. डबा एकदम उघडायचा नाही, दिवसाला एक पाकीट.

---

जुना_खलाशी | ३ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, मी ३४ वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, त्यातली शेवटची अकरा कप्तान म्हणून. तुमचे प्रश्न बरोबर आहेत आणि निघायच्या आधी विचारलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेक घरचे लोक फोन बंद लागल्यावर विचारतात.

आधी ॲपबद्दल. बोटीवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते बोटीचा नऊ आकडी क्रमांक, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहतं. भारतीय बोटीचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो, तो भावाकडून लिहून घ्या, कारण नावं सारखी असू शकतात, क्रमांक नाही. मोठ्या जहाजाचं यंत्र साडेबारा वॅटचं. छोट्या बोटीवर बहुधा दोन वॅटचं असतं, चालती असताना दर तीस सेकंदांनी बोलतं आणि थांबली की तीन मिनिटांनी. या लहरी सरळ रेषेत जातात. म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी ऐकणारं यंत्र लावलेलं असेल आणि मध्ये डोंगर नसेल तरच तुमच्या ॲपपर्यंत बातमी येते. मुंबई आणि गोव्याजवळ असे कान पुष्कळ आहेत. मधल्या कोकणात विरळ.

म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करा: ठिपका थांबला म्हणजे बोट थांबली असं नव्हे. ठिपका थांबला म्हणजे ऐकणारा थांबला. ठिपक्याशेजारी शेवटच्या बातमीची वेळ लिहिलेली असते. आधी ती वाचायची, मग ठिपका बघायचा.

सॅटेलाइट फोनचा विचार मनात आला असेल तर, आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही. बाहेरून आणलेली छोटी उपग्रह यंत्रंसुद्धा नाहीत. तेव्हा साधा मोबाइल, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ आणि ठरवलेली वेळ, एवढ्यावरच भागवायचं आहे.

भावाकडून एक कागद लिहून घ्या. रोज कुठून कुठे, मध्ये आसरा घेता येईल अशी बंदरं कोणती, बोटीचा रंग, शिडाचा रंग, दोघांचे नंबर, रोजच्या फोनची वेळ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, फोन नाही आला तर किती वाजता काय करायचं. ती वेळ त्यांनी ठरवायची, तुम्ही नाही. काळजीत असलेल्या माणसाने वेळ ठरवू नये. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा नंबर १५५४ आहे, तो त्या कागदावर मोठ्या अक्षरात हवा.

---

मतलई | ३ जानेवारी, दुपारी १:२०

खलाशीकाकांना +१. मी मुंबईत शिडाच्या बोटी चालवतो, गोव्यापर्यंत तीनदा गेलोय.

ताई, तुम्ही फळ्यावर काढलेले ते बाणच पुढचे दहा दिवस बोट चालवणार आहेत. जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई येतो, हलका पण भरवशाचा. दहा-अकराला तो पडतो. मग तास-दोन तास काहीच नसतं, शीड नुसतं फडफडतं आणि उन्हात डोकं दुखतं. बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा उठतो, तीन-चारपर्यंत चांगला भरतो आणि सूर्य बुडाला की उतरतो. मुंबईहून खाली जाताना तो पाठीमागून मिळतो. त्यामुळे बोट सकाळी लवकर निघेल, दुपारी पळेल. सरासरी साडेचार-पाच नॉट धरा. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. माणूस आरामात सायकल चालवतो तेवढाच वेग.

वाऱ्यापेक्षा मला भीती वाटते जाळ्यांची. रात्री जाळ्यांना बांधलेले तरंगते बोये दिसत नाहीत. म्हणून बहुतेक जण अंधार पडायच्या आत नांगर टाकतात.

---

कणीस | ४ जानेवारी, दुपारी ४:१०

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद मागितला. भावजयीने तासाभरात हाताने लिहून फोटो पाठवला. मुक्काम असे: राजपुरी खाडी, हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि मग गोव्यातलं आग्वाद. मधल्या आसऱ्याच्या जागा म्हणून बाणकोट, दाभोळ, जयगड लिहिलेत. रोज संध्याकाळी सातला फोन. नाही आला तर नऊपर्यंत काहीही करायचं नाही. दहापर्यंत काहीच कळलं नाही तर १५५४. हे शेवटचं वाक्य तिने लाल पेनाने लिहिलंय.

आईसाठी मी पुठ्ठ्यावर किनाऱ्याचा मोठा नकाशा काढला. वडील गिरणीत होते, त्यांच्या वेळचं लाल सुताचं एक रीळ आईच्या पेटीत अजून आहे. त्या सुताने ती रोजची वाट जोडणार, बंदराला टाचणी लावणार.

नकाशावर अक्षांशाच्या रेषा मारताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटांवर. ती रेषा पश्चिमेला नेली की हर्णै आणि दाभोळच्या मध्ये समुद्रात उतरते. म्हणजे हर्णैहून निघाल्यावर नऊएक सागरी मैलांनी बोट आमच्या घराच्या बरोबर पश्चिमेला येईल. मध्ये डोंगर आहेत, अख्खा सह्याद्री आहे, तीनशे किलोमीटर आहेत. पण सरळ रेषा. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्या दिवशी मला गच्चीवर ने."

---

खाडीकाठची | ५ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई, मी गुहागर तालुक्यातली. बोट आमच्या समोरूनच जायची. माहेर मच्छीमारांचं आहे. त्या दिवशी मी इकडून बघेन, शीड दिसलं तर इथे लिहीन. पाच-सहा मैल बाहेरून गेले तर दिसणं कठीण, तरी बघेन.

---

कणीस | ५ जानेवारी, रात्री ७:२५

पहाटे पाचला निघाले. सकाळभर ठिपका स्पष्ट होता. खांदेरी बेटाच्या बाहेरून, जिथे कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा दीपस्तंभ आहे, तिथून खाली उतरताना आईने स्वतः माझ्या फोनवर पाहिलं. दुपारी कोर्लईच्या पुढे ठिपका गोठला. काकांनी आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच हातपाय गाळले असते. शेवटच्या बातमीची वेळ वाचली, आईलाही वाचून दाखवली. सात वाजून चार मिनिटांनी फोन आला. राजपुरीच्या खाडीत नांगर टाकलाय, समोर जंजिरा दिसतोय, भाकरी-चटणी झाली. पहिली टाचणी लागली.

---

कणीस | ६ जानेवारी, रात्री ८:००

हर्णै. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. दिवस सोपा गेला म्हणाले. ॲपचा ठिपका कमीच दिसतो म्हणून उद्या पहाटे भावजय माझ्या भावाच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर चालू लोकेशन पाठवणार आहे. उद्या रत्नागिरी, पन्नास मैल, सगळ्यांत लांबचा टप्पा.

---

कणीस | ७ जानेवारी, सकाळी ८:२०

साडेपाचला निघाले. पावणेसहाला लोकेशन चालू झालं. सव्वासातला मी आईला धरून गच्चीवर नेलं, खुर्ची नेली होती पण ती बसली नाही. फोन माझ्या हातात. ऊन नुकतंच वर आलेलं, आमच्या पाठीवर. सात वाजून अडतीस मिनिटांनी ठिपका रेषेवर आला. मी म्हटलं, "आई, आत्ता. समोर."

समोर टाक्या, डिश अँटेना, एका इमारतीची काळी भिंत. आई त्या दिशेला बघत राहिली. मग तिने हात वर केला, बसस्टँडवर करतात तसा. मी भावाला फोन लावला, रेंज होती. तो म्हणाला, "आम्ही दोघं पूर्वेकडं तोंड करून उभे आहोत." पुढे दोन्हीकडून कुणालाच बोलता आलं नाही. बोट रेषा ओलांडून खाली गेली.

---

सातरस्ता | ७ जानेवारी, सकाळी ९:०२

ताई, मी पण आत्ता दुकानाबाहेर येऊन पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिलो बगा.

---

दूरदेशी | ७ जानेवारी, सकाळी ११:४५

मुलगा परदेशात आहे, रोज त्याच्या शहराचं हवामान बघते. आज तुमचं वाचून रडले. वाचतेय.

---

कणीस | ७ जानेवारी, रात्री ८:२४

काका, कुणी आहे का? सातचा फोन आला नाही. दोघांचेही लागत नाहीत. भावाचा बंद, भावजयीचा कव्हरेजच्या बाहेर. व्हॉट्सॲपवरचा ठिपका पावणेदोनला थांबला तो तिथेच आहे, जयगडचं टोक ओलांडून गणपतीपुळ्याच्या अलीकडे. एआयएसवर दुपारपासून काहीच नाही. पाचपर्यंत रत्नागिरीला पोचायचे होते.

---

जुना_खलाशी | ७ जानेवारी, रात्री ८:३१

आहे. तुम्ही लिहा, मी इथून उठत नाही.

व्हॉट्सॲपचं लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं. पावणेसहाला सुरू केलं, पावणेदोनला मुदत संपली. ते यंत्राने बंद केलं, समुद्राने नाही. पुन्हा सुरू करायला रेंज लागते.

त्यांच्याकडे ईपर्ब आहे का? बोट संकटात असली तर ते यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं. ती हाक इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात येते आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाते.

---

कणीस | ७ जानेवारी, रात्री ८:३५

आहे. कागदावर लिहिलंय. संपर्क म्हणून माझा नंबर नोंदवलाय.

---

खाडीकाठची | ७ जानेवारी, रात्री ८:३८

ताई, मी अंगणात येऊन उभी आहे. वारा पार पडलाय. माडाची झावळी हलत नाही. समुद्राचा आवाज नेहमीचाच, मोठी लाट नाही. दुपारी चारला वारा बरा होता, सहाला उतरला. बंदरावर वादळाचा बावटा वगैरे काही लागलेला नाही. हे मी डोळ्यांनी बघून लिहितेय.

---

मतलई | ७ जानेवारी, रात्री ८:४१

इंजिन काही कारणाने बंद असेल आणि वारा पडला असेल तर शिडाची बोट जागच्या जागी डुलत राहते. त्रासदायक आहे, धोक्याचं नाही. तासाला मैल-दीड मैल सरकत असतील.

---

जुना_खलाशी | ७ जानेवारी, रात्री ८:४४

ताई, एक विचारतो. संध्याकाळपासून तुमच्या फोनवर एखाद्या अनोळखी नंबरवरून फोन आला होता का? घरातल्या सगळ्यांचे फोन बघा. आईंचासुद्धा.

---

कणीस | ७ जानेवारी, रात्री ८:५८

आईच्या फोनवर ८:०२ आणि ८:०५ ला एकाच अनोळखी नंबरवरून दोन फोन. आईने दोन्ही कापले. मीच तिला बजावलं होतं, अनोळखी नंबर उचलायचा नाही, लोक बँकेचं नाव सांगून फसवतात. माझा फोन त्या वेळी भावाला लावण्यात अडकलेला होता.

परत लावला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका मच्छीमार बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. म्हणाले, दोघंही ठीक आहेत, बोटीखालच्या पंख्यात जाळं अडकलंय, वारा नाही म्हणून हळू येतायत, काळजी करू नका, घरी कळवा असं बाईंनी सांगितलंय.

आई देवाजवळ बसली आहे. मी नंतर लिहिते.

---

खाडीकाठची | ७ जानेवारी, रात्री ९:०१

बरं झालं गो बाय. बरं झालं.

---

कणीस | ८ जानेवारी, सकाळी १०:३०

रात्री अकरा वीसला मिऱ्याच्या आडोशाला नांगर पडला. त्या तांडेलांनीच शेवटचे दोन मैल दोर लावून ओढून आणलं आणि पैसे घेतले नाहीत.

घडलं ते असं. साडेतीनच्या सुमारास इंजिन लावलं आणि पाचच मिनिटांत धाडकन बंद पडलं. तुटलेल्या जाळ्याचा तुकडा पंख्याला गुंडाळला गेला होता. भाऊ मागे वाकून बघत असताना वरच्या खिशातला फोन पाण्यात गेला. भावजयीच्या फोनला त्या पट्ट्यात रेंजच नव्हती. लाट बोटीला खालीवर करत होती, अशात बोटीखाली उतरायचं नाही असं तिने ठरवलं, आणि ते बरोबरच होतं, डोक्यावर बोट आपटली तर संपलं. शिडावर निघाले. सहाला वारा गेला.

अंधारात एक मच्छीमार बोट जवळून जाताना तिने हाक मारली. आईचा नंबर चिठ्ठीवर लिहिला, ती भाकरीच्या एका पाकिटात घातली, वजन म्हणून चटणीची पुडी घातली आणि पाकीट फेकलं. माझा नंबर न लिहिता आईचा का लिहिला, हे मी तिला विचारलं. म्हणाली, "ताई, त्या घाईत फोनमध्ये नंबर कोण शोधत बसणार, आणि पाठ कुणाचे असतात? आईंचा नंबर वीस वर्षं बदलला नाही, तो एकच मला येतो." ती बोट किनाऱ्याजवळ आल्यावर तांडेलांनी दोनदा फोन केला आणि कुणी उचलत नाही म्हणून ते परत मागे फिरले. घरी कळवता आलं नाही म्हणून मागे फिरले. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय.

---

खाडीकाठची | ८ जानेवारी, दुपारी १२:१५

आमच्याकडे हे असंच असतं ताई. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा माझे धाकटे काका बाहेर होते. मोबाइल होते, पण समुद्रात काय लागणार. आम्ही घरात बसलो नाही, सगळी वाडी धक्क्यावर होती. बोट आली की आधी कुणी आपल्या माणसाचं विचारत नाही. "वाटेत कोण दिसलं?" असं विचारतात. येणारा प्रत्येक जण दुसऱ्यांची खबर घेऊन येतो, तीच आधी सांगतो. काका तिसऱ्या दिवशी आले, पण ते जिवंत आहेत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी एका परक्या बोटीने सांगितलं होतं. सगळ्यांच्या नशिबात ते नव्हतं. आमच्या किनाऱ्यावरची काही माणसं परत आलीच नाहीत.

तांडेल मागे का फिरले ते मला विचारायला नको.

---

कणीस | ८ जानेवारी, दुपारी १:०५

हे मी आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्या तांडेलांच्या घरी कोण कोण आहे?" फोन करून विचारलं. आई, बायको, दोन मुलं. कडक भाकरी आणि एक चादर उद्या पार्सलने रत्नागिरीला जातेय.

---

जुना_खलाशी | ८ जानेवारी, रात्री ९:२०

ताई, तुम्ही काल नऊच्या आत १५५४ ला फोन केला नाहीत, कागदाला धरून राहिलात. फार अवघड असतं ते. माझी बायको ३४ वर्षांत असं किती वेळा बसली असेल हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. काल रात्री विचारलं. पहाटे दोनपर्यंत ती सांगत होती.

---

कणीस | १२ जानेवारी, रात्री ८:१०

मध्ये लिहायला जमलं नाही, इथे गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गडबड. रत्नागिरीत दोन दिवस थांबून पंखा साफ झाला, नवीन फोन घेतला. मग विजयदुर्ग. वाघोटनची खाडी इतकी निवांत की तिथून निघवत नव्हतं म्हणे. देवगड, आणि आज मालवण. सगळे फोन वेळेवर. वेंगुर्ल्याच्या बाजूला वायव्येचा जोर आहे म्हणून दोन दिवस थांबणार.

---

कणीस | १३ जानेवारी, रात्री ९:००

आज संमती कट्ट्यावर यात्रेतला अक्षता सोहळा, सिद्धेश्वराच्या लग्नाचा. सत्तावन्न वर्षांत भावाचे जेमतेम चार-पाच चुकले असतील. तो सिंधुदुर्गासमोर बोटीवर, आम्ही टीव्हीसमोर. आईने व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीकडे धरला. नंदीध्वज आले, जयघोष झाला, आईने टीव्हीवर अक्षता टाकल्या आणि दोन दाणे फोनवर टाकले. पलीकडे भावजयीने ओंजळ धरली होती.

---

कणीस | १५ जानेवारी, दुपारी ४:४५

आग्वादच्या आत आले. गोव्याजवळ ठिपका पुन्हा स्पष्ट झाला, शेवटचे दोन तास आईने फोन हातातून सोडला नाही. मांडवीच्या तोंडाशी वेग कमी झाला तेव्हा मला म्हणाली, "शीड उतरवलं वाटतं." फोन आला तेव्हा विचारलं. खरंच उतरवलं होतं.

शेवटची टाचणी लावली. सूत बरोबर पुरलं नाही, शेवटी दुसरं जोडावं लागलं.

---

मतलई | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

अभिनंदन! परत कधी?

---

कणीस | १५ जानेवारी, रात्री ८:३०

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. आईने आधीच विचारलंय, "येताना वारा समोरून ना?" काका, कागदात काय बदल करू? अनोळखी नंबर उचलायचा हे मी घातलंय. दोघांनी माझा नंबर पाठ करायचा हेही.

---

जुना_खलाशी | १५ जानेवारी, रात्री ९:०५

समोरूनच. दुपारचा वायव्येचा वारा नाकावर येईल, म्हणून पहाटे तीनला निघून मतलईवर आणि इंजिनावर दुपारच्या आत बंदर गाठायचं. टप्पे निम्मे करा, दिवस दुप्पट धरा. फोनची वेळ संध्याकाळी सात नको, दुपारी दोन ठेवा. म्हणजे काही झालं तर हातात उजेड राहतो. एक फोन बोटीत कोरड्या पिशवीत बंद करून ठेवायचा, खिशात एकच. आणि लोकेशन आठ तासांचं आहे, निघताना सुरू केलं की सकाळी दहाला रेंज असेल तिथे पुन्हा सुरू करायचं.

---

कणीस | १५ जानेवारी, रात्री ९:२२

लिहून घेतलं. भावजयीलाही पाठवलं, ती म्हणते दोनची वेळ पटली. दिवस दुप्पट म्हणजे भाकऱ्या दुप्पट. त्यात तांडेलांच्या घरच्या वेगळ्या, रत्नागिरीला थांबतील तेव्हा हातात द्यायच्या. सोमवारी ज्वारी दळायला टाकते.